आण्णांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातला मस कॅन्सर निघाला. ऑपरेशन 'सकाळी या, संध्याकाळी घरी' असं होतं का?

तासगावकर | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, आण्णा, वय ६९. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, माल सगळा बेदाण्याला जातो. आण्णांचं आयुष्य बागेतच उन्हात गेलं. चारेक वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, एक काळा ठिपका आला. आधी तिळाएवढा होता, मग मसुराएवढा झाला. आई म्हणायची, मस आहे, राहू दे. दोन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका दवाखान्यात तो मशीननं जाळून घेतला. पाच मिनिटांचं काम, वर लावायला मलम. तुकडा कुठं तपासायला पाठवला नाही, आणि आम्हालाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही. वर्षभर जागा साफ दिसत होती. मग त्याच व्रणाच्या कडेला पुन्हा उचलून आलं. आता कड मोत्यासारखी चकाकते, मध्ये खळगा पडलाय, खपली धरते आणि पडते. सकाळी तोंड धुऊन आण्णांनी पंच्यानं पुसलं की पंच्याला रक्ताचा ठिपका दिसतो. तेवढ्या जागेतले पापणीचे केसही गळालेत.

सांगलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की हा साधा मस नाही. कडेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर. त्यांनी पुण्याला पापण्यांची ऑपरेशनं करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. स्कॅन झाला, हाडापर्यंत किंवा डोळ्याच्या मागं काही गेलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, "डे-केअरमध्ये करू. सकाळी साडेसातला या, संध्याकाळी घरी जा. भूल फक्त जागेवर देऊ."

इथंच घरात घोळ सुरू झालाय. थोरले काका म्हणतात, कॅन्सरला हत्यार लागलं की तो पसरतो, हात लावू नका. गावातल्या दोन माणसांची नावं घेऊन सांगतात. बहीण म्हणते, कॅन्सर आहे आणि ॲडमिटसुद्धा करत नाहीत, हे कसलं ऑपरेशन, आपण मुंबईला मोठ्या दवाखान्यात जाऊ. आण्णा स्वतः काही बोलत नाहीत. सुई डोळ्यात जाणार का, एवढंच त्यांनी मला दोनदा विचारलं.

त्यांची २०२१ ला अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. शिवाय कोपऱ्यातली पाण्याची नळी कदाचित काढावी लागेल असं मॅडम म्हणाल्या, ते मला नीट कळलं नाही. २ डिसेंबरची तारीख मिळतेय. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपा करून सांगा.

शाळेच्या बाई | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

तासगावकर, मी इचलकरंजीची, निवृत्त शिक्षिका. मला हाच कॅन्सर झाला होता, २०१८ साली, उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर मधोमध. तेव्हा मी ६१ वर्षांची होते. तुमच्या काकांचं वाक्य माझ्या सासूबाईंनी मला शब्दन्‌शब्द ऐकवलं होतं, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

हत्यारानं हा कॅन्सर पसरत नाही. तो अर्धा काढला तर परत येतो, आणि लोक त्यालाच पसरला म्हणतात. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. वरचं वर जाळलं, खालची मुळं तशीच राहिली. वरून व्रण धरल्यामुळे सगळ्यांना वाटलं बरं झालं, आणि खाली तो वर्षभर सरकत राहिला. बेसल सेल हा लांबच्या अवयवांत जाणं फारच क्वचित घडतं. पण जागच्या जागी तो खोदत जातो, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून डोळ्याच्या खोबणीत शिरायला त्याला वाट सापडते. तिथं शिरला तर मग डोळा वाचवणं अवघड होतं. थांबण्यात धोका आहे तो हा. काकांना असं सांगा की तण खुरप्यानं वरचं वर कापलं तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. शेतकरी माणसाला हे पटतं.

आता ऑपरेशनच्या दिवसाचं सांगते, कारण आण्णा बोलत नसले तरी त्यांना तेच हवंय.

सुई डोळ्यात जात नाही. आधी डोळ्यात थेंब टाकतात, दोन मिनिटांत डोळा बधिर होतो. मग बुबुळावर एक ढाल बसवतात. गुळगुळीत, छोट्या वाटीसारखी, पापणीच्या आत सरकवतात. बसवली तेव्हा मला थंड लागली, मग तिची जाणीवही राहिली नाही. ती असल्यामुळे हत्यार असो की सुई, डोळ्याच्या गोळ्याला काही लागत नाही. इंजेक्शन पापणीच्या कातडीत देतात. ते झोंबतं, खोटं कशाला सांगू. मिरचीचा हात लागावा तसं. मी मनात सतराचा पाढा म्हणत होते, सतरा सक पर्यंत पोचले आणि झोंबणं थांबलं. त्या इंजेक्शनमध्ये रक्त कमी यावं म्हणून औषध असतं, त्यानं छाती जरा धडधडते. आण्णांची अँजिओप्लास्टी झालीय तर हे मॅडमना आधीच पुन्हा एकदा सांगून ठेवा. ते छातीला पट्ट्या लावून मॉनिटरवर बघत राहतात.

नंतर दुखत नाही. ओढल्यासारखं वाटतं, कात्रीचा आवाज कानाजवळ येतो, आणि रक्त थांबवायला शेक देतात तेव्हा केस जळल्याचा वास येतो. त्या वासाबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, मी घाबरले. तुम्ही आण्णांना सांगून ठेवा.

काढलेल्या तुकड्याच्या एका टोकाला डॉक्टरांनी दोरा बांधला. घड्याळात बाराचा आकडा वर असतो तसं, कुठली बाजू वर हे लॅबला कळावं म्हणून. एक मुलगा तो डबीत घेऊन लॅबकडे गेला. माझ्या डोळ्यावर ओला कापूस ठेवून मला तशीच पडून राहू दिलं. पाऊण तासानं फोन आला, तीन बाजू साफ, कानशिलाकडची कड अजून बाधित. डॉक्टरांनी मला तिथंच सांगितलं, "बाई, त्या बाजूनं अजून थोडं घेतो." पुन्हा तुकडा, पुन्हा वाट. दुसऱ्यांदा साफ आलं. तेव्हा कुठं त्यांनी पापणी बांधायला घेतली.

हे मुद्दाम सविस्तर लिहिलं. कापाकापी किती तास चालली किंवा रात्री खाट मिळाली का, यावर ऑपरेशन मोठं की छोटं हे ठरवू नका. पापणी शिवायच्या आधी सगळ्या कडा कुणी बघितल्या का, ते बघा. तुमच्या मॅडमना तेवढंच विचारा, "कडा कोण तपासणार आणि शिवण्याआधी तपासणार का?" त्यांचं उत्तर हो असेल तर पुणं बरोबर आहे, मुंबईला पळायचं कारण नाही.

माझी खालची पापणी अर्ध्याहून जास्त गेली होती. म्हणून वरच्या पापणीचा आतला थर खाली ओढून शिवला आणि त्यावर कानामागची कातडी लावली. त्यामुळे उजवा डोळा चार आठवडे बंद. या चार आठवड्यांबद्दल मात्र डॉक्टर एका वाक्यात सांगून मोकळे होतात. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही. मी पहिल्याच सकाळी चहा कपाच्या बाहेर बशीत ओतला. जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकला आणि पायरी नव्हती. सुईत दोरा ओवणं तर सोडूनच दिलं. मग दहा मिनिटांच्या दुसऱ्या छोट्या ऑपरेशनमध्ये पापण्या वेगळ्या केल्या आणि उजेड आत आला. तुमच्या आण्णांचं कोपऱ्यात आहे, त्यांना कदाचित हे लागणारही नाही. पण विचारून ठेवा. लागणार असेल तर त्या महिन्यात त्यांना मोटारसायकलवर बसू देऊ नका आणि विहिरीच्या काठाला एकटं जाऊ देऊ नका.

आज सात वर्षं होत आली. पापणीची कड जरा लालसर आहे, तिथं केस नाहीत. वर्षातून एकदा दाखवायला जाते.

स्लाइडवाला | १५ नोव्हेंबर, दुपारी १:१०

बाईंनी ज्या 'लॅबकडे गेलेल्या मुलाबद्दल' लिहिलंय, तशा मुलाच्या हातातली डबी घेणारा माणूस मी. नाशिकला हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, एकोणीस वर्षं झाली.

आमच्याकडे काय होतं ते सांगतो. तुकड्याच्या कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतो. नाकाकडे निळी, कानाकडे हिरवी, तळाला काळी असं काहीतरी ठरलेलं असतं. मग जेलमध्ये बसवून क्रायोस्टॅट नावाच्या मशीनमध्ये ठेवतो, आत उणे वीस अंशांच्या आसपास थंडी. काही क्षणांत तुकडा बर्फासारखा टणक होतो. त्याचे पाच-सहा मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप घ्यायचे, काचेवर उचलायचे, झटपट रंगवायचे आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचे. पापणीची कातडी पातळ, काप गुंडाळला जातो, ब्रशच्या एका केसानं तो सरळ करावा लागतो. तिकडे टेबलावर माणूस जागा आहे हे डोक्यात असतं, तरी घाई करून चालत नाही. काप फाटला की तेवढी कड वाचता येत नाही.

यात दोन पद्धती आहेत, त्या लोकांना माहीत नसतात. नेहमीच्या पद्धतीत पाव कापतात तसे तुकड्याचे उभे काप घेऊन त्यातले काही बघतात. दोन कापांच्या मधलं बघायचं राहतं. दुसरी पद्धत मोह्‌स सर्जरीची. तिच्यात तुकडाच खोलगट काढतात, द्रोणासारखा. द्रोण दाबून पत्रावळीसारखा सपाट केला की तळ आणि कडा एका पातळीत येतात, आणि त्या पातळीचा काप घेतला की बाहेरचा सगळा काठ एकाच काचेवर दिसतो. जिथं बाधित दिसेल तेवढ्याच जागेवरून पुन्हा पातळ थर काढायचा. पापणीवर एकेक मिलिमीटर मोलाचा असतो, म्हणून तिथं याचा उपयोग. आपल्याकडे मोह्‌स करणारी ठिकाणं मोजकी आहेत. बहुतेक ठिकाणी बाईंचं झालं तसं गोठवलेल्या कापांवर कडा बघतात. ते नीट केलं तर उत्तम काम होतं. आण्णांचा परत आलेला आहे आणि कोपऱ्यातला आहे, त्यामुळे कडा बघितल्याशिवाय शिवायचं नाही यात तडजोड नको.

आता तासगावकरांच्या निमित्तानं मनातलं बोलतो. तो जाळलेला मस आमच्यापर्यंत आला असता तर दोन वर्षं वाचली असती. पापणीवरचं काहीही काढलं की तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणारं द्रावण) घालून तपासायला गेलाच पाहिजे. कित्येक वेळा नातेवाईक गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत, साध्या पाण्यात तुकडा घेऊन येतात. दोन दिवस प्रवासात गेलेले असतात. पेशी कुजून गेलेल्या असतात आणि आम्हाला लिहावं लागतं की निदान करता येत नाही. तो माणूस काउंटरवर उभा असतो, त्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

रांजणवाडीबद्दलही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पापणीच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा रांजणवाडी किंवा गाठ येत असेल, केस गळत असतील, तर तिसऱ्यांदा नुसती चिरून घेऊ नका, तपासायला लावा. पापणीत तेलाच्या ग्रंथी असतात, त्यांचा एक कॅन्सर होतो, सिबेशियस. गोऱ्या लोकांच्या देशांत तो क्वचित, आपल्याकडे बराच दिसतो, वरच्या पापणीवर जास्त. तो बेसल सेलसारखा जागेवर बसत नाही, मानेच्या गाठींमध्ये जाऊ शकतो. शिवाय मध्ये साफ जागा सोडून पुढे उगवतो, त्यामुळे गोठवलेल्या कापांवर तो फसवतो. अशा वेळी डॉक्टर पक्क्या रिपोर्टसाठी काही दिवस थांबतात आणि पापणी नंतर बांधतात. तेव्हा "जखम उघडी ठेवून घरी पाठवलं" म्हणून भांडू नका.

ब्रिस्बेनहून माई | १६ नोव्हेंबर, पहाटे ४:३०

मूळची साताऱ्याची, गेली चौदा वर्षं ब्रिस्बेनमध्ये नर्स आहे. आमचं क्लिनिक फक्त मोह्‌स सर्जरीचं. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सगळ्यात वरचं, त्यात क्वीन्सलँडचं ऊन. आमच्याकडे सकाळी सात वाजता चेहऱ्यावरचे कॅन्सर घेऊन सात-आठ माणसं येतात आणि संध्याकाळी सगळी आपापल्या घरी जातात. तासगावकर, तुमच्या बहिणीला हे जरूर सांगा.

दिवस असा असतो. जागेवर भूल, एक थर काढला, पट्टी लावली, माणूस बाहेरच्या खोलीत येऊन बसला. चहा-सँडविच खातात, शब्दकोडी सोडवतात, एकमेकांच्या पट्ट्या बघून चौकशी करतात. साधारण तासाभरानं आत बोलावतात. बऱ्याच जणांचं एक-दोन फेऱ्यांत संपतं. एका आजोबांना चार फेऱ्या लागल्या होत्या, ते दर वेळी आत जाताना माझ्या हातात आपला चष्मा देऊन जायचे. डोळ्याजवळचं असेल तर आमच्याकडे कॅन्सर पूर्ण काढून झाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पापणीचे सर्जन ती बांधतात. मधली रात्र पट्टीवर काढली तरी काही बिघडत नाही.

ही पद्धत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या डॉ. फ्रेडरिक मोह्‌स यांची. १९३० च्या दशकात ते विद्यार्थी असताना सुरुवात झाली. तेव्हा ते झिंक क्लोराइडचा लेप लावून कॅन्सर अंगावरच घट्ट करायचे, मग थर काढायचे. एकेका थराला एक दिवस, दुखायचंही फार. १९५३ मध्ये पापणीवरच्या एका कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचं चित्रीकरण चाललं होतं, तेव्हा वेळ वाचवायला त्यांनी लेपाऐवजी भुलीचं इंजेक्शन देऊन ताजे थर काढले आणि गोठवून तपासले. ते जमलं. पुढे १९७० च्या दशकात हीच ताज्या थरांची पद्धत सगळीकडे रुजली. एका दिवसात काम उरकायची वाट पापणीवरच सापडली, ही गोष्ट मी आमच्या घाबरलेल्या पेशंटना नेहमी सांगते.

आकडे विचारणारे विचारतात म्हणून: मोह्‌सनं पहिल्यांदाच काढलेला बेसल सेल पाच वर्षांत परत येण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक, आणि आधी एकदा परत आलेला असेल तर शंभरात पाच-सहा. म्हणजे आण्णांना नंतर दाखवत राहावं लागणार, हे घरात आताच ठरवून टाका.

रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल मनाचं काही करू नका. ना चालू ठेवायची, ना बंद करायची. अँजिओप्लास्टीत बसवलेला स्टेंट असेल, तर गोळी अचानक थांबवली तर हृदयाला धोका, आणि पापणीचा रक्तस्राव सर्जन सहसा आटोक्यात आणू शकतात. हार्टचे डॉक्टर आणि मॅडम दोघांचं बोलणं होऊ द्या, कागदावर लिहून घ्या.

नळीचं सांगते. डोळ्याच्या नाकाकडच्या टोकाला, वरच्या आणि खालच्या पापणीवर, एकेक टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. तिथून अश्रू नाकात उतरतात, म्हणून रडलो की नाक गळतं. कॅन्सर खालच्या भोकाजवळ असेल तर ते काढावं लागतं. कधी सिलिकॉनची बारीक नळी घालून वाट राखतात, ती काही महिने असते. कधी काहीच घालत नाहीत, वरच्या भोकावर काम चालतं. वारा लागला की डोळ्यातून पाणी येईल. त्यासाठी नंतर उपाय करता येतो, पण कॅन्सर परत आलेला नाही याची खात्री पटेपर्यंत बहुतेक सर्जन थांबतात.

आणि त्या रात्री तासगावला परत जाऊ नका. पुण्यातच कुणाकडे तरी राहा. घरी पाठवलं म्हणजे पाच तास गाडीत बसवायचं असं नाही. दोन उशा घेऊन झोपायचं, वाकायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही. डोळ्याभोवती जांभळं-काळं होईल, दुसऱ्या डोळ्याखालीही उतरेल, आठ-दहा दिवसांत जाईल. पण सलग वीस मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबलं नाही, डोळा आतून ठणकायला लागला किंवा दिसायचं कमी झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचा फोन नंबर निघतानाच मागून घ्या.

तासगावकर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही. जेवणं झाल्यावर सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. काका खुरप्याच्या वाक्यावर थांबले, पुन्हा वाच म्हणाले. आण्णांनी ढालीचं दोनदा वाचायला लावलं.

आज मॅडमना फोन केला. कडा गोठवून तपासूनच शिवणार, पॅथॉलॉजिस्ट त्याच इमारतीत आहेत. गोळीबद्दल हार्टच्या डॉक्टरांशी त्या स्वतः बोलणार आहेत. खर्चाचं कुणाला माहीत असेल तर सांगा. मेडिक्लेम आहे, पण एजंट म्हणतो २४ तास ॲडमिट नसेल तर मिळत नाही.

शाळेच्या बाई | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:००

एजंट चुकतोय. डे-केअर प्रोसिजरला २४ तासांची अट लागत नाही. मात्र पॉलिसीच्या कागदात ते बघून आधी मंजुरी घ्या, आणि मंजुरीच्या अर्जाला बायोप्सीचा रिपोर्ट जोडा. रिपोर्ट नसेल तर कंपनी सौंदर्यासाठी मस काढला म्हणून दावा नाकारू शकते. माझ्या बहिणीच्या बाबतीत तसं झालं होतं, सहा महिने पत्रं लिहावी लागली. मेडिक्लेम कमी पडला तर महात्मा फुले योजनेसाठी दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तो दवाखाना आणि हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते त्यांनाच विचारा. रेशनकार्ड बरोबर ठेवा.

तासगावकर | १२ डिसेंबर, रात्री ८:३०

ऑपरेशन झालं, आज टाके काढून परत आलो. सविस्तर लिहितो, पुढं कुणाला उपयोगी पडेल.

आदल्या दिवशीच पुण्याला मावशीकडे उतरलो. सकाळी सव्वासातला दवाखान्यात. मॅडमनी जांभळ्या पेननं डोळ्याच्या कोपऱ्यात गोल काढला. बाहेरून दिसत होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. साडेनऊला आत घेतलं. दहाच्या सुमारास डबी घेऊन एक मुलगी माझ्या समोरून लॅबकडे गेली, मला स्लाइडवाल्या दादांची आठवण झाली. मी उठून उभाच राहिलो, का ते माहीत नाही.

पहिल्या फेरीत नाकाकडची आणि तळाची कड बाधित आली. म्हणजे वर काही दिसत नव्हतं तिथं तो होता, जुन्या जळालेल्या व्रणाच्या खाली. दुसऱ्या फेरीत तळ साफ, नाकाकडची कड अजून नाही. तिसऱ्या फेरीत सगळं साफ आलं, तेव्हा सव्वा वाजला होता. मॅडम बाहेर येऊन स्वतः सांगून गेल्या. मग दोन भुवयांच्या मधली कातडी फिरवून कोपऱ्यात आणून बसवली. खालचं भोक गेलं, नळी घातलेली नाही. डोळा बंद करावा लागला नाही. पावणेपाचला आण्णा चालत बाहेर आले.

मी विचारलं, कसं होतं. म्हणाले, "तिसऱ्यांदा आत नेलं तेव्हा कंटाळा आला. बाकी काही नाही. वास मात्र बाई म्हणाल्या तसाच."

त्या रात्री पट्टीला थोडं रक्त आलं, दहा मिनिटं दाबून धरलं, थांबलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांखाली जांभळासारखं जांभळं झालं. माईंनी सांगितलं नसतं तर आम्ही रात्रीतच गाडी काढली असती. आठव्या दिवशी पक्का रिपोर्ट आला, सगळ्या कडा साफ. भुवया आता जरा जवळ आल्यासारख्या दिसतात, आई म्हणते रागावल्यासारखे दिसताय. वाऱ्यात डोळ्यातून पाणी येतं, रुमाल खिशात असतो.

एक प्रश्न राहिला. जानेवारीच्या शेवटी माल निघेल, बेदाणा शेडवर आण्णांना जायचंच आहे. गंधकाची धुरी असते तिथं. जाऊ द्यावं का?

ब्रिस्बेनहून माई | १३ डिसेंबर, पहाटे ५:१५

शेडवर बसून हिशेब बघू दे, पण धुरी चालू असताना आत नको, या हंगामात तरी नको. तो धूर डोळ्याला झोंबतो, आणि आता पाणी वाहून जायची वाट अर्धीच आहे. फवारणीच्या दिवशीही बागेत नको. रुंद काठाची टोपी हवी, नुसती गांधी टोपी किंवा डोक्याला टॉवेल चालणार नाही, त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यावर सावली पडत नाही. टाके काढल्यावर किती दिवसांनी व्रणावर बोटानं मालिश करायची ते मॅडमना विचारा, त्यानं कातडी मऊ होते आणि भुवयांचं ओढलेपण कमी होतं. दुसरा डोळा, नाक आणि कानाच्या पाळ्याही महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः उजेडात बघत जा.

तासगावकर | १३ डिसेंबर, रात्री ९:०५

विचारलं, टाके निघून तीन आठवडे झाले की मालिश सुरू करायची म्हणाल्या. टोपी आज विट्याहून आणली, आण्णांनी घालून आरशात बघितली आणि खुंटीला लावली. काकांच्या पाठीवर एक जुना काळा डाग आहे, ते आज आपणहून म्हणाले की सांगलीला जाशील तेव्हा मलाही ने. सोमवारी नेतोय. आण्णांची पुढची तारीख १० मार्चची आहे. तेव्हा बेदाण्याचा हंगाम असेल, तरी जाणार.